एरंडेलाचं मेण आणि मोठा जावई

चिंचोडी गावात हैबती नावाचा एक भोळा माणूस राहायचा. भोळा म्हणजे आळशी नव्हे. कामाला तो कधी नाही म्हणायचा नाही. सांगितलेलं काम शब्दशः, जसंच्या तसं करायचा. घरच्यांचं दुखणं तेच होतं.

एकदा त्याची बायको चंद्रभागा धुणं घेऊन ओढ्यावर निघाली. जाताना म्हणाली, "अहो, डब्यातल्या पापडांना जरा ऊन दाखवा."

हैबती ओट्यावर बसला. डबा उघडला. एकेक पापड काढायचा, दोन्ही हातांनी वर धरायचा आणि म्हणायचा, "ते बघ ऊन." मग पापड परत डब्यात. चंद्रभागा आली तेव्हा त्याचा घसा बसला होता.

"सगळ्यांना दाखवलं," तो म्हणाला. "काही तुटलेले होते. त्यांना तुकडा तुकडा दाखवलं."

चंद्रभागाने कपाळाला हात लावला. मग तिने नवरा उचलला आणि माहेरी बोरवंडला आणला.

बोरवंडला तिची आई प्रयागबाई क्रीम करायच्या. टाचांच्या भेगांचं, हातांच्या चिरांचं. शेतात राबणाऱ्या बायका ते आवडीने घ्यायच्या. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये शेगड्या, पातेली, डाव आणि डब्यांची चळत. पण सासरे लिंबाजीमामा गुडघ्यांनी बेजार, आणि धाकटी मैना लग्नाची. प्रयागबाईंना हाताशी घरचं माणूस हवं होतं. जावई आयता आला.

यात एकच अडचण होती. जावयाला रागवायचं नाही, अशी त्या घराची रीत होती. जावयाने विहिरीत उडी घेतली, तरी काठावरून 'जावईबापू, पाणी गार आहे का?' एवढंच विचारायचं.

पहिल्या दिवशी हैबतीने शेडमधलं सगळं निरखून पाहिलं. एका पातेल्यात पाणी. एकात तेल. आणि बरणीत पांढरं, मेणासारखं काहीतरी.

"मामी, हे काय?" त्याने विचारलं. सासूला तो मामी म्हणायचा.

"ते इमल्सिफायर, जावईबापू. एरंडेलापासून करतात. आम्ही आपलं एरंडेलाचं मेण म्हणतो. ते घातल्याशिवाय क्रीम होत नाही."

इमल्सिफायर हा शब्द हैबतीच्या तोंडात मावेना. एरंडेल मात्र त्याच्या चांगल्या ओळखीचं होतं. लहानपणी आई त्याचं नाक दाबून ते पाजायची. दुसऱ्या दिवशीची सकाळ कुठे आणि कशी जायची, हे तो विसरला नव्हता.

प्रयागबाईंनी टोपली भरून डब्या त्याच्याकडे दिल्या आणि बाजारात बसवलं. सांगितलं, "गिऱ्हाइकाला नीट समजावून सांगा. काही लपवू नका."

एक बाई आली. तिच्या टाचा फुटलेल्या होत्या.

"दादा, कशाचं आहे हे?"

"एरंडेलाचं."

"बरं. लावायचं कसं?"

"टाचेला चोळायचं. पण चोळल्यावर लांब जायचं नाही. सकाळी तर नाहीच नाही."

"का?"

हैबतीने आवाज खाली आणला. परक्या बाईशी असलं बोलायचं त्याच्या जिवावर आलं होतं. पण मामी म्हणाल्या होत्या, काही लपवू नका.

"तांब्या भरून ठेवा," तो म्हणाला.

बाईने डबी खाली ठेवली. तिच्या मागची बाई म्हणाली, "आणि हाताला लावलं तर?"

हैबतीने खूप विचार केला. "हाताचं मला ठाऊक नाही. पण तांब्या ठेवाच."

संध्याकाळी टोपली भरलेली परत आली. घडला प्रकार ऐकून प्रयागबाई बराच वेळ पदराचं टोक पिळत बसल्या. मग मऊ आवाजात म्हणाल्या, "जावईबापू, मूळ एरंडेल असलं तरी कारखान्यात त्याचा पार कायापालट होतो. त्याचा मूळचा गुण राहत नाही. तेव्हा मूळ काय, ते सांगत बसायचं नाही. आता काय आहे, तेवढंच सांगायचं."

"बरं मामी," हैबती म्हणाला. रात्रभर त्याने ते घोकलं.

पुढच्याच आठवड्यात लिंबाजीमामांना ताप भरला. तालुक्याहून डॉक्टर आले. घरात हैबती एकटाच होता, कारण प्रयागबाईंना शेगडीवरचं सोडून येता येईना आणि दोघी मुली दळणाला गेल्या होत्या.

डॉक्टरांनी विचारलं, "मूळ त्रास कशाने सुरू झाला?"

"मूळ सांगायचं नाही," हैबती म्हणाला.

"बरं, ताप आला कधी?"

"तेही मूळच झालं."

"मग तुम्ही सांगणार तरी काय?"

"आता काय आहे ते. आता मामा पलंगावर आहेत. पांघरूण हिरवं आहे."

डॉक्टरांनी हैबतीकडे पाहिलं. मग पांघरुणाकडे पाहिलं. ते खरोखर हिरवं होतं. त्यांनी रोग्याला स्वतःच तपासलं, गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "साधा ताप आहे. कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवा."

हैबती पातेलं आणायला शेडमध्ये गेला. तिथे प्रयागबाईंनी दोन शेगड्या पेटवल्या होत्या. एकीवर पाणी, दुसरीवर तेल आणि त्यात विरघळणारं ते मेण.

"मामी, दोन्ही कशाला तापवता? एक तापवलं तर नाही का चालत?"

"नाही हो. दोन्ही सारखी तापलेली हवीत, मगच एकत्र आणायची. एक गरम आणि एक गार, अशी गाठ घातली तर तेलातलं मेण थिजतं आणि सगळं फाटतं."

"फाटतं?"

"फाटतं. मग काही करून सांधत नाही."

हैबती पातेलं घेऊन पळतच घरात आला. मामा तापलेले, माठातलं पाणी गार. आणि या दोघांची गाठ तो आता घालणार होता! थोडक्यात वाचलो, असं म्हणत त्याने पाणी चुलीवर ठेवलं. एक हात पाण्यात आणि एक हात मामांच्या कपाळावर, असं करत तो बसला. पण पाणी भराभर तापून मामांच्या पुढे निघून गेलं. मामा मागे राहिले. मग त्याने मामांवर एक गोधडी घातली. हात लावून पाहिला. अजून मामा कमीच होते. आणखी एक घातली. वर घोंगडी घातली.

"जावईबापू, जीव घुसमटतोय," आतून मामा म्हणाले.

"थोडंच राहिलंय मामा," हैबती म्हणाला आणि त्याने वाफाळणारी घडी पिळून त्यांच्या कपाळावर ठेवली.

लिंबाजीमामांना एरवी पलंगावरून उठायला दोन माणसं लागायची. त्या दिवशी एकही लागलं नाही. ते थेट अंगणात गेले. घामाने निथळत होते, आणि त्या घामाबरोबर ताप उतरला. रात्री ते बायकोला म्हणाले, "जावई मनाने चांगला आहे. फक्त मला त्याच्याजवळ एकटं ठेवत जाऊ नका."

हैबतीला वाईट वाटलं. कुणी रागवलं असतं तर बरं, असं त्याला वाटायचं. इथे सगळे नुसते गप्प व्हायचे, आणि त्या गप्प बसण्यातून आपण काय समजायचं ते त्याला समजायचं नाही.

प्रयागबाईंनी त्याला शेडमध्ये नेलं. तयार क्रीम निवत ठेवलं होतं. मोगऱ्याच्या सुगंधाची बाटली त्यांच्या हातात होती.

"जावईबापू, तापलेल्यात एकदम काही घालायचं नसतं. हे बघा, गरम क्रीममध्ये हा सुगंध घातला तर सगळा उडून जाईल. आधी निवू द्यायचं. बोट लावून बघायचं. बोटाला सोसलं, की मगच सोडायचं."

"बोटाला सोसलं की सोडायचं," हैबती म्हणाला. हे त्याला एकदम पटलं. मामांच्या वेळी आधी बोट लावायला हवं होतं.

पुढच्या रविवारी मैनाला बघायला पाहुणे आले. मुलगा उत्तरेश्वर, त्याचे वडील रायभानतात्या आणि एक चुलते. उत्तरेश्वर शाळेत मास्तर होता. स्थळ उत्तम होतं, आणि प्रयागबाईंचा सारा जीव त्यात अडकला होता. पण रायभानतात्या मोठे कडक. त्यांना वर्षानुवर्षं भूक लागत नसे, आणि ज्याला भूक लागत नाही त्याला कुणाचंच घर आवडत नाही.

प्रयागबाईंनी भज्यांचं पीठ भिजवलं. कढईत तेल ओतलं. तेवढ्यात बाहेरून हाक आली. त्या घाईने म्हणाल्या, "जावईबापू, तेल तापलं की भजी सोडा," आणि गेल्या.

तेल तापलं. धूर निघाला. हैबतीने कढई उतरवून खाली ठेवली आणि शेजारी बसला. मधूनमधून तेलाजवळ बोट न्यायचा आणि मागे घ्यायचा. बऱ्याच वेळाने बोट तेलात बुडवलं. सोसलं. मग त्याने एकेक भजं अलगद सोडलं.

भजी तळाला जाऊन बसली. हैबतीने वाट पाहिली. ती वर येईनात. तळायची असतात एवढं त्याला कळत होतं, म्हणून त्याने कढई परत चुलीवर चढवली. तोवर भज्यांनी पोटभर तेल पिऊन घेतलं होतं.

पाहुण्यांच्या पुढे ताट गेलं. पाहुणे संस्कारी होते. त्यांनी भजी उचलली. उत्तरेश्वरने एक चावलं, तेव्हा त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत तेल ओघळलं. चुलत्यांनी भजं खाल्लं नाही, प्यायलं. रायभानतात्यांनी ताट लांब सारलं आणि म्हणाले, "मला तशीही भूक नसते."

प्रयागबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी हैबतीला हळूच दाराआड घेतलं.

"जावईबापू, तुम्ही शेडमध्ये चला. तिकडे क्रीम निवतंय. हा डाव घ्या. एकाच बाजूने फिरवत राहायचं. उलटं फिरवायचं नाही. मध्ये थांबायचं नाही. थांबलं की गुठळ्या होतात. पार निवेपर्यंत फिरवायचं. जमेल?"

"जमेल."

आणि जमलं! हैबतीने डाव असा फिरवला की क्रीम लोण्यासारखं झालं. प्रयागबाईंनी बोटावर घेऊन पाहिलं आणि त्या भरल्या डोळ्यांनीही म्हणाल्या, "वा, जावईबापू." हैबती आयुष्यात पहिल्यांदा 'वा' ऐकत होता. तो शब्द तो परत परत मनात घोळवत राहिला.

तेवढ्यात ओसरीवरून लिंबाजीमामांची हाक आली. पाहुणे गप्प बसले होते आणि मामांना बोलायला विषय सुचत नव्हता. ते म्हणाले, "जावईबापू, जेवणाला वेळ आहे. पाहुण्यांना जरा गाव फिरवून आणा."

फिरवणं! हे काम तर आता त्याच्या हातचं होतं.

हैबती पाहुण्यांना घेऊन निघाला. मारुतीच्या देवळावरून चावडी. चावडीवरून हापसा. हापशावरून पुन्हा मारुती. चावडीवर बसलेली मंडळी पाहुण्यांना पाहून उठून उभी राहिली, रामराम झाला. थोड्या वेळाने पाहुणे पुन्हा आले. मंडळी पुन्हा उठली. पुढे पुढे मंडळी उठायची राहिली, नुसते हात वर व्हायला लागले. शेवटी कुणी वर बघेना.

"हैबतराव, देवळात जरा टेकू या," रायभानतात्या धापा टाकत म्हणाले.

"थांबायचं नाही तात्या. थांबलं की गुठळ्या होतात."

"कसल्या गुठळ्या?"

"तुमच्या."

तात्या घाबरून चालायला लागले. चुलत्यांनी एका वळणावर डावीकडची वाट धरली. हैबतीने त्यांना खांद्याला धरून उजवीकडे वळवलं. "उलटं नाही," तो म्हणाला. "फुकट जाल."

तक्रार केली नाही ती फक्त उत्तरेश्वरने. कारण हापशावर मैना पाणी भरत होती. पहिल्या फेरीत त्याने तिच्याकडे पाहिलं. पुढच्या फेरीत तिने पाहिलं. त्यानंतर दोघंही हसले. दर फेरीला मैनाचा हंडा भरायचाच राहिलेला असायचा, कारण पाहुणे वळणाआड गेले की ती तो ओतून देत होती.

ऊन कललं. वारा सुटला. हैबतीने तात्यांच्या गालाला बोट लावून पाहिलं, मग चुलत्यांच्या. दोघंही निवले होते. मग तो त्यांना घरी घेऊन आला.

प्रयागबाई दारातच उभ्या होत्या. तात्यांचं तोंड बघून त्यांनी स्थळाची आशा सोडली. मुकाट्याने पानं वाढली. रायभानतात्या खाली बसले आणि म्हणाले, "भाकरी."

त्यांनी भाकरी खाल्ली. आणखी मागितली. पिठलं मागितलं, ठेचा मागितला, परत भाकरी मागितली. चुलते हात धुऊन झोपायच्या बेतात आले तरी तात्या जेवतच होते. शेवटी ढेकर देऊन म्हणाले, "प्रयागबाई, इतक्या वर्षांत माझ्या पोटात अशी आग पडली नव्हती. सोयरीक पक्की. आणि हे तुमचे मोठे जावई, लग्नात यांना मानाचं काम द्या. मी सांगतो म्हणून द्या."

सगळे हसले. हैबतीही हसला. प्रयागबाई एकट्याच हसल्या नाहीत. मानाचं काम या शब्दाने त्यांच्या काळजात धडकी भरली होती.

त्यांनी खूप विचार केला. पंगतीत वाढायला? नको. नवरदेवाचा घोडा धरायला? अजिबात नको. शेवटी त्यांना अंतरपाट सुचला. नवरा-नवरी समोरासमोर उभी राहतात, त्यांच्या मध्ये तो कापडाचा पडदा धरायचा. एक टोक भटजींच्या हातात, एक टोक हैबतीच्या. मंगलाष्टकं होईपर्यंत उभं राहायचं. बोलायचं नाही, चालायचं नाही, काही तापवायचं नाही. यात बिघडण्यासारखं काय आहे?

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी प्रयागबाई शेडमध्ये शिरल्या. वऱ्हाडातल्या बायकांना क्रीमच्या डब्या द्यायच्या होत्या. पण घर पाहुण्यांनी भरलेलं, दर क्षणाला कुणीतरी हाक मारत होतं. क्रीम झालं, निवलं, आणि बघतात तर वर तेल आलेलं आणि खाली पाणी. पार फुटलेलं. त्यांनी हातातला डाव बाजूला टाकला.

"मामी, काय झालं?" हैबतीने विचारलं.

"मेण घालायचंच राहिलं, जावईबापू. माझंच चुकलं."

"नुसत्या मेणाने एवढं होतं?"

प्रयागबाई दमल्या होत्या. लेक उद्या जाणार म्हणून मन भरून आलं होतं. त्या बोलत राहिल्या, आणि समोर हैबती आहे हे जणू विसरल्या.

"अहो, सगळी करामत त्याचीच. तेल आणि पाणी, दोघांचं जन्मात पटत नाही. किती ढवळा, हात थांबला की आपापल्या वाटेने जातात. हे मेण दोघांच्या मधलं. त्याच्या एका टोकाला पाण्याची ओढ, दुसऱ्या टोकाला तेलाची. तेलाचे बारीक बारीक थेंब होतात ना, त्या प्रत्येक थेंबाभोवती हे उभं राहतं. एका टोकाने आत तेलाला धरतं, एका टोकाने बाहेर पाण्याला. म्हणून दोघं एकत्र नांदतात. आणि असं नाही की एकदा जमवलं आणि झालं. शेवटपर्यंत मध्ये राहावं लागतं त्याला. ते मध्ये नसेल, तर संपलं. फुटलंच म्हणून समजा."

हैबती बरणीकडे बघत राहिला. स्वतः ना तेल ना पाणी, आणि तरी दोघांना धरून उभं राहायचं. कुणी त्याला बघत नाही, डबीवर त्याचं चित्र नसतं. त्याला त्या मेणाबद्दल फार वाटलं. त्याने बरणीला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मांडव भरला. वाजंत्री लागली. नवरा-नवरी पाटांवर उभी राहिली. मध्ये अंतरपाट धरला. इकडे भटजी, तिकडे नवा फेटा बांधलेला हैबती. मंगलाष्टकं सुरू झाली. तो खांबासारखा उभा होता. प्रयागबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि लग्न ठरल्यापासून पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

हैबती मात्र बघत होता. इकडे मैना. तिकडे उत्तरेश्वर. ती शेतातली, तो शाळेतला. तिचं गाव वेगळं, त्याचं वेगळं. दोघांच्या मध्ये हा कापडाचा पडदा. एक बाजू हिच्याकडे, एक बाजू त्याच्याकडे. त्याच्या सगळं लक्षात आलं. कालच तर मामी म्हणाल्या होत्या.

"शुभमंगल सावधान!" भटजी म्हणाले. अक्षता उडाल्या. ताशे कडाडले. भटजींनी अंतरपाट ओढला.

तो आला नाही.

भटजींनी पुन्हा ओढला. दुसऱ्या टोकाला हैबतीने तो मुठीला गुंडाळून घेतला होता.

"सोडा," भटजी म्हणाले.

"नाही सोडणार. मध्ये नसेल तर फुटतील."

"कोण फुटतील?"

"हे दोघं."

मुहूर्त टळत होता. भटजी अंगाने जाड होते. त्यांनी पाय रोवला आणि जोर लावला. हैबतीनेही लावला. अंतरपाट टर्रकन फाटला. भटजी मागच्या मागे तांदळाच्या परातीत बसले.

आता दोघांच्या मध्ये काहीच नव्हतं. लेकरांचा संसार डोळ्यांदेखत फुटणार होता, आणि बरणी राहिली होती घरी शेडमध्ये. विचार करायला वेळ नव्हता. तो स्वतःच मध्ये शिरला. एका हाताने मैनाचं मनगट धरलं, एका हाताने उत्तरेश्वरचं.

मैनाच्या डोळ्यांवर मुंडावळ्या आल्या होत्या, आणि लाजेने मान खाली. समोर कुणीतरी आलेलं तिला दिसलं. तिने मोकळ्या हाताने हार टाकला. उत्तरेश्वरला मित्रांनी मागून उचललं होतं, त्याला खालचं दिसतच नव्हतं. त्यानेही अंदाजाने हार टाकला.

दोन्ही हार हैबतीच्या गळ्यात पडले.

फोटो काढणाऱ्याने फोटो काढला. वाजंत्री थांबली.

परातीतून भटजींचा आवाज आला, "लागलं का?"



चंद्रभागाने तोंडात पदर कोंबला. प्रयागबाई पुढे आल्या. त्यांनी पदर कमरेला खोचला होता. पण रीत म्हणजे रीत. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "जरा बाजूला होता का?"

तो होईना. मग चौघांनी त्याला उचलून कडेला नेलं आणि तिथे धरून ठेवलं. मांडवाच्या खांबांवरचे दोन हार घाईघाईने सोडवून आणले, आणि लग्न पुन्हा पहिल्यापासून लावलं. या वेळी ते बरोबर माणसांचं बरोबर माणसांशी लागलं. जेवणं झाली. तात्यांनी जिलबी परत परत मागून घेतली. चौघांनी हैबतीला सोडलं. त्याच्या गळ्यातले हार काढायचं मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि मानाचे हार आपण होऊन काढणारा तो नव्हता.

मग पाठवणी आली. मैना आईच्या गळ्यात पडून रडली. प्रयागबाई रडल्या, चंद्रभागा रडली, लिंबाजीमामा खांबाला टेकून रडले. सगळ्यांचे डोळे पदरात आणि धोतराच्या सोग्यात. सजवलेली जीप उभी होती. नवरा एका बाजूने बसला, नवरी दुसऱ्या बाजूने. दोघांच्या मध्ये जागा रिकामी होती.

हैबतीला ते बघवेना. कुणाला काही न बोलता तो चढला आणि मध्ये बसला.

ड्रायव्हर म्हणाला, "हे कोण?"

पुढे बसलेल्या चुलत्यांनी मागे न बघताच सांगितलं, "पाठराखण असेल. नवरीबरोबर येतंच कुणीतरी. चल तू."

जीप निघाली. पदर डोळ्यांवरून खाली आला तेव्हा प्रयागबाईंना वळणावर नुसती धूळ दिसली. धुळीत एक फेटा दिसला. त्यांनी तो ओळखला आणि त्या जागीच खाली बसल्या.

वाटेत उत्तरेश्वर दोनदा म्हणाला, "दादा, तुम्ही पुढे बसता का?"

"नको," हैबती म्हणाला. "तुम्ही काळजी करू नका. मी आहे."

दिवेलागणीला जीप उत्तरेश्वरच्या दारात पोचली. दारात बायकांची ही गर्दी. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं. उत्तरेश्वरची आई ओवाळायला उभी. तिला संध्याकाळी कमी दिसायचं. जीपमधून तिघं उतरली, ती हैबतीने दोघांचे हात धरलेले होते म्हणून एकदमच उतरली, आणि दार अरुंद म्हणून हैबती पुढे झाला. सासूने दिव्याच्या उजेडात दोन हार पाहिले आणि ओवाळलं. कुंकू लावलं. तांदूळ ओवाळून टाकले.

"पायाने माप ओलांडा," ती मायेने म्हणाली.

हैबतीने माप ओलांडलं. तांदूळ घरभर सांडले.

आतल्या बायकांनी हसत हसत वाट अडवली. रीतच ती. "नाव घ्या! नाव घेतल्याशिवाय आत सोडणार नाही!"

"कुणाचं?" हैबतीने विचारलं.

अंधारात पोरीबाळी खिदळल्या. एक म्हातारी म्हणाली, "कुणाचं म्हणजे? ज्याने गळ्यात हार घातला त्याचं!"

हैबतीने मान वाकवून दोन्ही हारांकडे नीट पाहिलं. हा मैनाने घातलेला. हा उत्तरेश्वरने. एकाचं घेऊन दुसऱ्याला दुखवणं बरं दिसलं नसतं. त्याने फेटा सावरला, नजर जमिनीला लावली आणि लाजत लाजत दोघांचीही नावं घेतली.